भूकंपानंतर पृथ्वी थरथरते, कंप पावते की डोलते?

प्रश्न : २२ मे १९६० च्या चिलीतल्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपावर मराठीत लिहितो आहे. त्यानंतर अख्खी पृथ्वी कित्येक दिवस हलत राहिली आणि उपकरणांनी ते पहिल्यांदा नीट टिपलं. याला 'थरथर' म्हणू, 'कंपन' की 'आंदोलन'?

उत्तर : 'थरथर' नकोच. थरथर भराभर होते. इथे पृथ्वीचा गोळा आधी लांबट, मग चपटा, मग परत लांबट व्हायला तब्बल ५४ मिनिटं लागतात! किल्लारीला १९९३ मध्ये बसला तो हादरा. तिथे कंप, धक्का हेच शब्द योग्य. ही गोष्ट निराळी आहे. भूकंप एकदाच होतो, नंतर कुणी ढकलत नाही, तरी गोळा आपल्याच लयीत हलत राहतो. टोल दिल्यावर घंटा घुमत राहते तसा. म्हणून 'मुक्त दोलन' लिहा. शाळेत दोलक, दोलनकाल (एका दोलनाला लागणारा वेळ) शिकलेल्याला लगेच कळेल. 'आंदोलन' शास्त्रात चालतं, पण मथळ्यात 'पृथ्वीचं आंदोलन' आलं की वाचकाला मोर्चाच दिसणार.

दुसरं मत : 'दोलन' म्हटलं की झोक्यासारखं इकडून तिकडे जाणं वाटतं. पृथ्वी तर जागेवरच आकार बदलते ना?

उत्तर : रास्त शंका आहे. म्हणून एकच शब्द सगळीकडे ताणू नका, प्रकार पाहून क्रियापद निवडा. एका प्रकारात दोन गोलार्ध उलटसुलट दिशांना वळतात, साधारण ४४ मिनिटांत एक फेरा. तिथे 'पृथ्वीला पीळ बसतो' लिहा. दुसऱ्यात सगळी पृथ्वी एकदम फुगते आणि आकसते, साडेवीस मिनिटांत एकदा. त्याला 'स्पंदन' इतका चपखल शब्द दुसरा नाही. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतरचं हे स्पंदन कित्येक आठवडे मोजता येत होतं. फुगवटा मात्र मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे माणसाला जाणवणं शक्यच नाही. लेखात हे जरूर सांगा, नाहीतर लोक घाबरतील.

आणखी एक. 'दोलनकाल' हा शब्द गाळू नका. पृथ्वीच्या पोटात काय आहे, किती घट्ट आहे, यावर तो ठरतो. अंतर्गाभा, म्हणजे पृथ्वीचा अगदी केंद्रातला भाग, घन असल्याचा भक्कम पुरावा १९७१ मध्ये या दोलनकालांवरूनच मिळाला.

प्रश्नकर्ता : मग मथळा 'चिलीचा भूकंप आणि पृथ्वीची मुक्त दोलने' असा देतो. आत 'पीळ' आणि 'स्पंदन' वापरतो.