शब्दचर्चा : खोलीत फार फरक आहे

पणजीची भाषांतरकार :
एका पंचतारांकित कॅसिनो-हॉटेलात आलेले पाहुण्यांचे इंग्रजी अभिप्राय मी मराठीत आणून देते, कारण तिथल्या देखभाल विभागातील बरीच मंडळी सावंतवाडी-दोडामार्गाकडची आहेत. एका पाहुण्याने दोन खोल्यांचे सारखेच भाडे भरले होते. नव्या इमारतीतील भावाची खोली कोरी करकरीत निघाली, पण जुन्या इमारतीतील पाहुण्याच्या स्वतःच्या खोलीत कपाट उघडताच कुबट वास आला, न्हाणीघराच्या छताला ओल होती आणि एसीखाली कोणीतरी टॉवेल अंथरून ठेवला होता. मी लिहिले, ‘खोलीत फार फरक आहे.’ पर्यवेक्षकांनी ते वाचून तरणतलावाकडे माणूस धाडला, कारण तिथल्या फलकावर ‘खोली ४ फूट’ असे रंगवलेले आहे. मग मी ‘विषम दर्जाच्या खोल्या’ असे सुधारले, तर ३०१, ३०३, ३०५ याच खोल्या वाईट आहेत का, अशी विचारणा आली. नेमका शब्द कोणता वापरावा?

म्हापशाचे मास्तर :
‘खोली’ला दोन अर्थ असताना ‘कक्ष’ वापरला असता तर हा घोटाळा झालाच नसता. ‘दर्जा’ हा शब्दही अरबीतून आलेला आहे. आपल्याकडे ‘प्रत’ हा सुंदर शब्द असताना ‘कक्षांच्या प्रतीत तफावत’ असे का लिहू नये? कॅसिनोलाही द्यूतगृहच म्हणावे.

डिचोलीकर :
मास्तर, ‘कक्षांच्या प्रती’ वाचून तो पर्यवेक्षक झेरॉक्सवाल्याकडे माणूस धाडेल. ‘दर्जा’चा मूळ अर्थ पायरी असा आहे, आणि एक खोली वरच्या पायरीवर व दुसरी खालच्या, हीच तर तक्रार आहे. कॅसिनो म्हणजे इटालियनमध्ये लहानसे घर, तेव्हा त्या शब्दाचे सोवळे कशाला? गोव्यातील १९७६च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रे ठेवण्याची वाट मोकळी झाली. पण ते पाच तारे हॉटेलाचे असतात, एकेका खोलीचे नव्हेत, हे मात्र पाहुण्याला खोलीत शिरल्यावरच कळते.

फोंड्याची वाचक :
याला आमच्याकडे सरळ पंक्तिप्रपंच म्हणतात. देवळातल्या महाप्रसादाच्या पंगतीत ओळखीच्या पानावर खीर दोनदा वाढली गेली की माझी आजी हाच शब्द वाढप्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने उच्चारत असे. पंगत एक, पान एक, आणि वाढणे मात्र वेगळे!

डिचोलीकर :
शब्द गोड आहे, परंतु पंक्तिप्रपंचात वाढणाऱ्याचा हेतू गृहीत असतो. पावसाळ्यात चिऱ्याच्या जुन्या भिंती पाणी पितात, डागडुजी मजल्यामजल्याने पुढे सरकते आणि त्यातून जो फरक उरतो त्याला प्रपंच म्हणणे अन्यायाचे आहे.

पूर्वी स्वागतकक्षात काम केलेला :
हेतू नसतो असे कृपया समजू नका. मी जिथे होतो तिथे मोठ्या रकमेने खेळणाऱ्यांसाठी नव्या इमारतीतील खोल्या आधीच राखून ठेवल्या जात. ओल आलेल्या खोल्या आम्ही शक्यतो शेवटी देत असू. पण डिसेंबरअखेरीस हॉटेल भरले की त्याही द्याव्याच लागत, आणि त्या नेमक्या फक्त राहायला आलेल्या कुटुंबांच्या वाट्याला येत. आजींचा शब्द मला पटतो.

मडगावकर :
मुळात ‘खोली’च सोडून द्या. कोंकणीत खोलीला ‘कूड’ म्हणतात, मुंबईतील गोंयकारांच्या वसतिस्थानांनाही कूडच म्हणतात, आणि कूड म्हणजे शरीरही. मराठीतली ‘कुडी’ तीच असावी. एक कूड धडधाकट, दुसरी आजारी, असे लिहिले की झाले.

म्हापशाचे मास्तर :
मराठीत ‘कूड’ म्हणजे काटक्यांची लिंपलेली भिंत. पाहुण्याने पंचतारांकित भाडे भरले आहे, त्याला कुडाच्या घरात बसवू नका.

पणजीची भाषांतरकार :
मास्तर, ‘कक्षांच्या प्रतीत तफावत’ आज पर्यवेक्षकांना दाखवले. त्यांनी ते खोडून वर पेनाने लिहिले, ‘जुनी विंग, ओल, अर्जंट’, आणि प्लंबरला हाक मारली.

म्हापशाचे मास्तर :
तरीही चूक त्या तलावावरच्या फलकाचीच आहे. तिथे ‘पाण्याची खोली’ असे पूर्ण लिहायला हवे होते.