आईला घेऊन बीजिंग-शिआन: चिनीचा गंध नाही, काय तयारी करू?

निवांतकट्टा:
नमस्कार मंडळी. २७ एप्रिलपासून आईबरोबर बीजिंगला चार आणि शिआनला तीन दिवस असं ठरवलंय. टूर कंपनी नको म्हणाले खरी, पण आता पोटात गोळा येतोय. आई ६८ वर्षांची, अंडंसुद्धा न खाणारी. चिनी दोघींनाही शून्य. पैसे, इंटरनेट, जेवण, सगळ्याबद्दल सांगा.

पिंपळपान:
सासूबाईंना घेऊन याच दोन शहरांत जाऊन आलेय, म्हणून हक्काने सांगते. फोनमधलं एकही काम 'तिकडे उतरल्यावर बघू' म्हणून ठेवू नका. तिथल्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप, जीमेल काही उघडत नाही. आपल्या सिमच्या रोमिंगवर चालतं. अलीपे (फोनवरून पैसे द्यायचं चिनी ॲप) घरीच उतरवून पासपोर्टची पडताळणी करा, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, आणि त्या कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू आहेत ना ते बघा.

मी इथेच तोंडावर आपटले. कार्ड जोडायचं हॉटेलवर ठेवलं, आणि ओटीपी येणार त्या सिमचं रोमिंगच सुरू केलं नव्हतं! पहिला दिवस नोटांवर. फळवाल्या आजींना शंभराची नोट दिली, तर ती उजेडात धरून बघितली आणि सुटे आणायला शेजारच्या दुकानात गेल्या त्या गेल्याच. सासूबाई दोन संत्री हातात धरून रस्त्यात उभ्या. तेव्हा दहा-वीस युआनच्या नोटा जवळ असू द्या. परदेशी कार्डावरून एका वेळी २०० युआनच्या वर दिले तर ३ टक्के जादा कापतात, हेही लक्षात असू द्या.

जेवणाचं मात्र नीट ऐका. ताटात नुसती भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी नसते. मापो तोफूत (सोयाच्या पनीरचा तिखट पदार्थ) खिमा असतो, परतलेल्या फरसबीतही बरेचदा डुकराचा खिमा भुरभुरलेला. मी चिनी अक्षरांत एक चिठ्ठी छापून नेली होती: मांस, मासे, अंडी नकोत, प्राण्यांची चरबी नको, हाडांचं सूपही नको. ती शेवटची ओळ विसरू नका, घोळ तिथेच होतो. बौद्ध पद्धतीची शाकाहारी जेवणघरं शोधा, तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो. उकळतं पाणी रेल्वेच्या डब्यातसुद्धा मिळतं, त्यामुळे उपम्याची पाकिटं न्याच. सासूबाईंचे तीन नाश्ते त्यावर निघाले.

जुनाप्रवासी:
तारखा बदला. १ मेला कामगार दिनाची मोठी सुट्टी लागते, अख्खा देश फिरायला निघतो. बीजिंगच्या जुन्या राजवाड्याची (फॉरबिडन सिटी) तिकिटं सात दिवस आधी सुटतात, पासपोर्ट क्रमांकावर. सोमवारी बंद. रेल्वेची तिकिटं १५ दिवस आधी. स्टेशनच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा: शिआनची वेगवान गाडी साधारणपणे 'बीजिंग शी' म्हणजे पश्चिम स्टेशनातून सुटते आणि 'शिआन पै', उत्तरेच्या स्टेशनात पोचते. आत शिरताना सामानाची तपासणी असते, तासभर आधी जा.

अर्धवटअभ्यासक:
दोन वर्षं चिनी शिकून सोडलेला माणूस बोलतोय. उच्चार रोमन लिपीत पाठ करू नका, देवनागरीत लिहून घ्या. त्यांचा 'बी' आपल्या प-जवळचा, 'डी' त-जवळचा आणि 'टी' चक्क थ. बीजिंग म्हणजे जवळजवळ 'पै-चिंग'. 'झेड' हा चमच्यातला च. इंग्रजीवाल्यांना हे महिनोन्महिने जमत नाही, आपल्याला आयतं मिळालंय. 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी. सूर मात्र सांभाळा: 'थांग' एका सपाट उंच सुरात म्हटलं तर सूप, सूर वर चढवला तर साखर.

निवांतकट्टा:
तारखा १२ एप्रिलवर आणल्या! आई सकाळपासून 'वो छ्र सू' घोकतेय, देवपूजेतसुद्धा. शिआनहून परत बीजिंगला विमानाने यायचंय, काही वेगळं?

पिंपळपान:
पॉवर बँक तपासा. जून २०२५ पासून तिथल्या देशांतर्गत विमानांत '३सी' (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) छाप नसलेली नेऊ देत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेकांवर तो नसतो. नसेल तर जाताना रेल्वेने वापरा आणि शिआनलाच सोडून द्या, किंवा परतही रेल्वेनेच या.