सगळ्या प्लांटला मायनस 40 ची हवा कशाला?

हवाबाज: आमच्याकडे कंप्रेसरची हवा सुकवायला हीटलेस ड्रायर आहे, दोन टॉवरवाला, आत ओलावा शोषणारा अ‍ॅल्युमिना. दर पाच मिनिटांनी टॉवर बदलतो आणि सुकलेल्या हवेतलीच थोडी उलटी सोडून दुसरा टॉवर कोरडा करतो. थोडी म्हणजे रेटेड क्षमतेच्या 15 ते 20 टक्के, सगळी सायलेन्सरमधून फुस्स! रात्रपाळीला निम्म्या मशिनी बंद असल्या तरी हा पर्ज, म्हणजे उलटी सोडलेली हवा, तेवढाच जातो. आणि ही मायनस 40 ड्यू पॉइंटची, म्हणजे उणे 40 डिग्रीपर्यंत थंड होईतो पाणी न सुटणारी, हवा वापरतोय कशाला, तर सिलिंडर ढकलायला आणि बर (धातूचा कीस) उडवायला. रेफ्रिजरेटेड, म्हणजे हवा थंड करून पाणी काढणारा ड्रायर लावा, 3 डिग्री ड्यू पॉइंट पुष्कळ झाला.

पेंटशॉप: पुष्कळ कुणाला? आमची लाइन उघड्यावरून जाते, थंडीत पारा शून्याखाली गेला की 3 डिग्रीवाल्या हवेतलं पाणी पाइपात गोठतं. एकदा व्हॉल्व्ह अडकून अख्खी शिफ्ट बसून काढलीये, तेव्हा वीज वाचवायचं कोणी बोललं नाही.

हवाबाज: मग त्या एका लाइनला छोटा वेगळा ड्रायर लावा ना, एका फांदीसाठी सगळ्या झाडाला कशाला औषध?

पेंटशॉप: आणि उद्या त्या छोट्याकडे बघणार कोण? मेंटेनन्सला माणसं आधीच कमी.

जुनाफिटर: भांडा निवांत, पण आधी ड्रायरमध्ये शिरणारी हवा किती गरम आहे ते बघा. 35 ऐवजी 45 डिग्रीने आली तर दीडपटीहून जास्त पाणी घेऊन येते, मग कुठलाही ड्रायर लावा, रडणारच. मी आफ्टरकूलर (कंप्रेसरमधून निघालेली गरम हवा थंड करणारा) उघडला तर फिन्समध्ये धुळीची गोधडी! ती झाडली आणि ‘ड्रायर लहान पडतोय’ ही तक्रार तिथेच मिटली.

हवाबाज: हे मान्य. पण पर्जचं काय?

जुनाफिटर: ड्यू पॉइंट सेन्सर लाव, टॉवर भिजला तरच बदलेल. तुझी रात्रपाळीची हवा तिथेच वाचेल.

पेंटशॉप: सेन्सरचं रीडिंग सरकलं की स्क्रीनवर मायनस 40 आणि नळीत पाणी, हे पाहिलंय मी. कॅलिब्रेशन वेळेवर होणार असेल तरच त्याच्या भरवशावर टाका, नाहीतर आपला टायमरच बरा.

हवाबाज: कंप्रेसरच्याच उष्णतेवर सुकवणारे ड्रायर येतात ना, त्यात पर्जची भानगडच नाही?

जुनाफिटर: येतात, पण ऑइल फ्री कंप्रेसर लागतो. तुमचा तेलवाला ना?

हवाबाज: तेलवालाच 😑