अनुभव धागा: ग्रुपवर देशप्रेम सिद्ध करायची वेळ आली तेव्हा

श्रीवर्धनकर
आईचे फोटो शोधायला काल जुना फोन चालू केला. फोटो राहिले बाजूला, दहावीच्या बॅचचा ग्रुप उघडला आणि १८ ऑगस्ट २०२२ वर येऊन थांबलो. हरिहरेश्वरला बोट लागली तो दिवस. तीन एके-४७ सापडल्या होत्या. नुकताच पंधरा ऑगस्ट झालेला, सगळ्यांचे डीपी तिरंगी.

आधी "सगळ्यांनी सावध राहा", मग फोटो, मग ऑडिओ क्लिपा. अर्ध्या तासात कोणीतरी लिहिलं, "मोहल्ल्यातले गप्प का?" आमच्या ग्रुपवर मोहल्ल्यातला एकच. पहिलीपासून माझ्या बाकावरचा. स्वतःची होडी आहे, सागर रक्षक दलात नाव आहे, रात्री-अपरात्री गस्तीला जातो. हे मला माहीत होतं. मी टाइप केलं आणि खोडलं. दोनदा.

त्याने फक्त एक तिरंगा टाकला. त्यावर उत्तर आलं, "आज आठवला?" आणि त्याखाली ती बारीक राखाडी ओळ. ग्रुप सोडला.

भीती खोटी नव्हती हो. १९९३ ला आमच्याच तालुक्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं होतं, ते इथे कोण विसरेल? पण दुपारीच विधानसभेत खुलासा झाला. बोटीचं नाव लेडी हान, मालकीण ऑस्ट्रेलियाची, मस्कतहून युरोपला निघालेली. जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि रिकामी बोट वाहत वाहत आपल्याकडे आली. ती बातमीही ग्रुपवर आहे. तिच्याखाली एक अंगठासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दहीहंडीचे व्हिडिओ सुरू.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा. मला चैन पडत नाहीये.

हर्णैची लेक
वाचून पोटात कालवलं दादा. बाबा खलाशी होते. २६/११ नंतर बायोमेट्रिक कार्डं आली, तेव्हापासून समुद्रात कोणीही अडवलं की कार्ड दाखवायचं. बाबा म्हणायचे, दाखवायला लाज कसली, नेव्हीवाला त्याचं काम करतोय. तो कार्ड बघून परत देतो आणि जा म्हणतो. ग्रुपवर परत कोण देतं?

त्या मित्राला फोन केलात का नंतर?

परळचा चाकरमानी
आमच्या वाडीचे दोन ग्रुप आहेत, मुंबईकरांचा आणि गाववाल्यांचा. मुंबईच्या ग्रुपवर रोज कोणाला तरी देशाबाहेर पाठवतात. गावच्या ग्रुपवर लाईट गेली, एसटी आली नाही, कोणाचं बैल सुटलं. माणसं तीच, अर्धी दोन्हीकडे आहेत. माझा सख्खा काका मुंबईच्या ग्रुपवर जे लिहितो ते गावच्या ग्रुपवर कधी लिहिणार नाही, कारण तिथे समोरच्याच्या दुकानातून त्याला तांदूळ आणायचे असतात.

बाकी गणपतीचं तिकीट कोणाचं कन्फर्म झालं? आमचं वेटिंग १४०.

कणकवली_७७
@चाकरमानी दिवा-सावंतवाडी पकडा, जनरलला उभं राहून या. दरवर्षी तेच करतो.

फौजीच्या घरची
थोडं वेगळं लिहिते. माझे मिस्टर सैन्यात आहेत. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, चार दिवस त्यांचा फोन नव्हता. तेव्हा माहेरच्या ग्रुपनेच मला धरून ठेवलं. कोणी जेवण पाठवलं, कोणी रात्री झोपायला आलं. त्या ग्रुपला मी वाईट म्हणणार नाही.

पण त्याच ग्रुपवर रात्रभर "आत्ताच हल्ला केला" म्हणून व्हिडिओ येत होते. मी प्रत्येक व्हिडिओ जीव मुठीत धरून बघत होते. पहाटे माझा बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, आई हा गेम आहे, आर्मा थ्री, बघ विमान कसं फिरतंय. लोक खाली "जय हिंद" लिहीत होते आणि मी हात कापत बसलेले. मी "कृपया थांबवा" लिहिलं तर एका भावजींनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला अभिमान नाही का?" मला विचारलं हे. मला.

हर्णैची लेक
ताई 🙏 मिस्टर बरे आहेत ना आता?

फौजीच्या घरची
हो गं, सुट्टीवर येतायत गणपतीत.

रत्नागिरी बंदर रोड
त्या ७ मेच्या मॉक ड्रिलच्या यादीत आपला जिल्हाही होता. आमच्या सोसायटीत सायरनपेक्षा ग्रुपची रिंग जास्त वाजली.

संगमेश्वरी
मला २०१८ आठवलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज. १ जुलैला धुळ्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच फॉरवर्डची मर्यादा आणली. त्याच पावसात आमच्या वाडीत नेहमीचा कुडबुड्या जोशी आला, दारोदार भविष्य सांगत फिरणारा. पंचवीस वर्षं येणारा माणूस. पोरांनी त्याला पारावर बसवून आधार कार्ड मागितलं, कुठल्या राज्याचा, कुठल्या धर्माचा. आजीने पसाभर तांदूळ आणून त्याच्या झोळीत घातले आणि तिथेच बसून राहिली, तो जाईपर्यंत उठली नाही. तो परत कधी आला नाही.

आणि मेसेजवर दोन बाण दिसले की फॉरवर्ड करू नका, कळकळीने सांगते. तो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आलेला असतो.

मालवणी झील
२६ ऑगस्ट २०२४. मालवणच्या राजकोटवरचो शिवाजी महाराजांचो पुतळो पडलो तो दिवस. दुख सगळ्यांकच झाला होता. माझे डोळे भरले खोटा नाय सांगणत. पण संध्याकाळपर्यंत स्टेटसवर दोन पार्ट्या. कोणी कुठला स्टेटस ठेवला त्याच्यावरून महाराजांचो खरो मावळो कोण ठरत होतो. मी काहीच ठेवला नाय तर मामेभावाचो फोन, "तुका काय वाटत नाय?" आज दोघांच्या घरात बोलणा नाय. मामी रडता.

कणकवली_७७
मामीक सांग गणपतीत दोघांकाय एकाच आरतीक उभी कर.

श्रीवर्धनकर
@हर्णैची लेक, तुमचं वाचून संध्याकाळी केला फोन. इतक्या वर्षांनी. दोन रिंगमध्ये उचलला. मी सरळ सांगितलं, मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे इंजिनचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तू वाचतोयस हे दिसत होतं मला. टायपिंग टायपिंग येत होतं तुझ्या नावापुढे."

पुढे आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठल्यापासून मासळी बरी लागतेय म्हणाला. ग्रुपवर परत घेऊ का विचारलं, तर नको म्हणाला. रविवारी जातोय त्याच्या घरी.