सिलिॲक आहे, गरोदरपणाचा २९ वा आठवडा सुरू आहे. खुबा आणि जांघ फार दुखते

नाचणी_भाकरी, राजारामपुरी

सिलिॲकचं (गहू-सातूतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की आतड्याला इजा होते, तो आजार) निदान होऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून गहू, रवा, मैदा, सातू बंद. सध्या २९ वा आठवडा. गेले पंधरा दिवस कंबरेखाली उजवीकडे आणि पुढे जांघेत दुखतं. कूस बदलताना आणि जिना चढताना सर्वांत जास्त. सकाळी बोटांची पेरं आणि गुडघे थोडे आखडलेले असतात. घरातले म्हणतात, दिवस भरत आले की असं होतंच.

विचारायचं हे: कुठून तरी ग्लुटेन पोटात जातंय म्हणून हे होत असेल का? पट्टा बांधावा का? तपासण्या कोणत्या सांगाव्यात? लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या रात्री जेवणानंतर एकत्र घेते. ज्वारी गल्लीतल्या गिरणीतून दळून आणतो.

फिजिओ_शाहूपुरी

ताई, कूस बदलताना, जिन्यावर, एका पायावर उभं राहून साडी-सलवार घालताना दुखतं, म्हणजे जिथे दोन पायांवर सारखा भार नसतो तिथे. हे ओटीपोटाच्या हाडांच्या कड्याचं दुखणं वाटतं. मागे कंबरेच्या दोन खळग्यांपाशी दोन सांधे आणि पुढे ओटीपोटाच्या तळाशी जघनाचा एक, हे तीन सांधे गरोदरपणात सैल पडतात. पाचातल्या एका गर्भवतीला हा त्रास होतो. भाकरी बदलून हा कमी होत नाही, हालचाल बदलून होतो.

घरी एक चाचणी करून बघा. उताणं, पण पाठीमागे उशा लावून रेलून पडा. उजवा पाय सरळ ठेवून अंथरुणापासून वीतभर उचला, मग डावा. आता घरातल्या कुणाला तरी दोन्ही खुब्यांवर बाहेरून हातांनी आत दाबून धरायला सांगा आणि तोच पाय परत उचला. दाबल्यावर पाय हलका उचलला गेला तर पट्ट्याचा उपयोग होणार. काहीच फरक पडला नाही तर पट्ट्यावर पैसे घालू नका.

पट्टा पोटावर बांधायचा नाही. बहुतेकींची चूक इथेच होते. मांडीचं हाड बाहेरच्या बाजूला जिथे हाताला लागतं, त्या उंचवट्यांच्या पातळीवर, पोटाच्या खालून तो यायला हवा. बसल्यावर वर सरकतो, म्हणून उठल्यावर परत खाली ओढायचा. चालताना आणि उभ्याच्या कामाला बांधा, झोपताना काढा. दिवसभर आवळून ठेवू नका.

कूस बदलायची ती अशी: दोन्ही गुडघे दुमडा, मध्ये उशी धरून गुडघे एकमेकांवर दाबा, श्वास सोडत खांदे आणि कंबर एकदमच वळवा. आधी खांदे आणि मागाहून पाय असं केलं की कळ येते. उठताना आधी कुशीवर, मग दोन्ही पाय एकत्र खाटेखाली, मग हातावर जोर. झोपताना उशी गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पुरेल एवढी लांब घ्या. नुसत्या गुडघ्यांमध्ये ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि खुबा पिळला जातो.

जिना चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवून. मांडी घालून आणि उकिडवं बसणं बंद. भाकरी ओट्यावर, उंच स्टुलावर बसून थापा. देशी संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणाच. मोठं मूल असेल तर कडेवर घेऊ नका. गाडीवर एका बाजूला बसून कोल्हापूरच्या स्पीडब्रेकरवरून जाणं तर टाळाच. अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असेल तर रांग नसेल अशा वेळी, कारण एका जागी तासभर उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त दुखवतं.

व्यायाम एकच सांगतो. खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये उशी घ्या, हलकेच दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. पुढे जघनाच्या हाडात कळ आली तर जोर निम्मा करा.

पथ्य_पाणी

वरचं सगळं पटतं. पण पेरं आणि गुडघे आखडतात, ते त्या कड्याच्या दुखण्यात बसत नाही. सिलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात जात राहिलं तर सांधे दुखू शकतात, म्हणून गिरणीचं आधी बघू.

गल्लीतल्या गिरणीत तुमच्या आधी गहू दळलेला असतो. जात्यात आणि पिठाच्या पिशवीत राहिलेलं पीठ पहिल्या किलो-दोन किलो ज्वारीत उतरतं. 'आधी मूठभर ज्वारी दळून टाका' हा उपाय पुरत नाही. फक्त ज्वारी, तांदूळ, नाचणीसाठी राखलेली घरघंटी हाच खरा मार्ग. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून ज्वारी आणलीत तर ताटात पसरून निवडा, गव्हाचे दाणे सापडू शकतात. परात, पोळपाट आणि तवा वेगळा. चपातीच्या तव्यावर जळकी पिठी चिकटलेली असते, भाकरी तिच्यावरच पडते.

हिंग बघा. बांधणी हिंगात मैदा घालतात, खडा असो वा पूड. डंकावरून कुटून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्यातही तो असतो, शिवाय डंकावर दुसऱ्याचं काय कुटलं होतं ते कळत नाही. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पाकिटावरचे घटक वाचून घ्या. मिसळीच्या फरसाणात मैद्याची पापडी असते. पांढऱ्या रश्श्यात सहसा गहू नसतो, पण हॉटेलात डाव एकच.

खपली गहू चालतो असं आपल्याकडे सांगतात. नाही चालत. खपलीतही ग्लुटेन आहे. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' असेल तर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतच ग्लुटेन चालतं.

आता गोळ्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की लोह नीट शोषलं जात नाही. तुमचं आतडं आधीच नाजूक, त्यात ही अडवणूक कशाला? कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर, लोह सकाळी उशिरा लिंबूपाण्याबरोबर. मध्ये किमान दोन तास, आणि लोहाच्या आगेमागे तासभर चहा नको. थायरॉईडची गोळी असेल तर तिच्यापासून दोन्ही चार तास लांब. गोळीत स्टार्च कशाचा आहे तेही दुकानदाराला विचारा, तो सांगू शकला नाही तर कंपनीला.

गर्भवतीला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, पण सगळं अंगी लागत नाही. मोड आणून दळली तर जास्त लागतं. तयार सत्त्व घेताना त्यात गहू नाही ना, हे बघून घ्या.

प्रसूती_विभाग

दुखण्याला नुसतं 'दिवसांचं' म्हणून सोडू नका, तुमच्या बाबतीत तर नाहीच. सिलिॲकमध्ये व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हाडं मऊ पडू शकतात. त्याची खूण म्हणजे खुबे आणि मांड्या दुखणं, बदकासारखी डुलत चाल, आणि खालून उठताना हाताचा आधार घ्यावा लागणं.

डॉक्टरांशी बोलून या तपासण्या करा: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम अल्ब्युमिनसकट, फॉस्फरस, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, टीएसएच (थायरॉईडची), आणि टीटीजी आयजीए (सिलिॲकची रक्ततपासणी) एकूण आयजीए-सकट. अल्ब्युमिन का? गरोदरपणात ते उतरतं, त्यामुळे एकूण कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. हाडांसाठी बघतात त्या अल्कलाइन फॉस्फटेजवर आता भिस्त ठेवू नका, वारेतूनही ते येतं आणि शेवटच्या तिमाहीत वाढतंच. आणि टीटीजी नॉर्मल आलं म्हणून अधूनमधून थोडं ग्लुटेन जातच नाही असं ठरत नाही. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आपल्या मनाने सुरू करू नका. आधी पातळी, मग डोस.

वेदनेला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, २० आठवड्यांनंतर तर नक्कीच नको: बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम होतो, पुढे हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. मेडिकलमधून आणलेल्या मलमातही डायक्लोफेनॅक असतं, तेही विचारल्याशिवाय लावू नका.

आणखी एक, आपल्या गावाचं म्हणून सांगते. गंगावेशीत उभ्याउभ्या म्हशीचं धारोष्ण दूध पितात, गर्भवतीला कौतुकाने पाजतात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जंतुसंसर्ग होतो. त्यात ताप, घाम, आणि नेमका कंबरेचा तोच मागचा सांधा दुखतो. दूध उकळूनच प्या. तसं दूध प्यायलात आणि ताप येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

नाचणी_भाकरी, राजारामपुरी

चाचणी केली. खुबे दाबल्यावर डावा पाय हलका उचलला जातो. उजवा दाबूनही उचलवत नाही, आणि उजव्या पायावर भार दिला की जांघेत खोल कळ येते. ताप नाही. कच्चं दूध पीत नाही. पुढची तपासणी दहा दिवसांनी आहे.

प्रसूती_विभाग

दहा दिवस थांबू नका, उद्याच दाखवा. सातव्या महिन्यानंतर खुब्याचं हाड तात्पुरतं विरळ होण्याचा एक आजार असतो. त्यात असंच जांघेत खोल दुखतं, भार दिला की लंगडायला होतं, आणि तसंच चालत राहिलं तर हाडाला तडा जाऊ शकतो. व्हिटॅमिन डी कमी असेल तर ही भीती आणखी. रंग न टोचता केलेल्या एमआरआयमध्ये ते दिसतं. बाळाला त्याने धोका नाही, गरज पडली तर नाही म्हणू नका.

डॉक्टरांकडे 'कंबर दुखते' असं सांगू नका. 'उजव्या पायावर भार दिला की जांघेत कळ येते, पाय सरळ उचलवत नाही, सिलिॲक आहे' असं याच शब्दांत सांगा. दाखवेपर्यंत उजव्या पायावर पूर्ण भार नको. घरातल्या घरात वॉकर धरून चाला आणि जिना टाळा. पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला, किंवा एकच पोटरी सुजून गरम लागली तर उद्याचीही वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

फिजिओ_शाहूपुरी

हे वाचल्यावर उशी दाबायचा व्यायाम तूर्त बंद ठेवा, पट्टाही. अहवाल आला की इथे लिहा, मग पुढचं ठरवू.