मदत हवी आहे: मुलगी नवीन शाळेत रुळत नाहीये

बदलीमुळे मुलीला यंदा आठवीत नवीन शाळेत घातलं, दोन महिने होत आले पण अजून रुळली नाहीये. अभ्यासाचं टेन्शन नाही, पण वर्गातले ग्रुप पाचवीपासूनचे पक्के आणि त्यात हिला कोणी घेत नाही. काल डबा अर्धा तसाच परत आला, विचारलं तर म्हणे एकटीला खायला नको वाटतं. पोटात कालवलं अगदी. आम्हीही नवखेच, पालकसभेत सगळे आपापल्या घोळक्यात. क्लासटीचरशी बोलू का? तिला कळलं तर चिडेल, या वयात आईने मध्ये पडलेलं आवडत नाही ना. एकदोन मुलींना घरी बोलवायचं मनात आहे, पण त्यांच्या आयांशी ओळख कशी काढू? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.