यंत्रात झुरळ सापडलं, म्हणून वॉरंटी गेली?

ओलीसुकी:

समोरून दार उघडणारं वॉशिंग मशीन. दोन वर्षांची संपूर्ण वॉरंटी, त्यातला चौदावा महिना. एका सकाळी बटण दाबलं तर एकही दिवा लागेना. कंपनीचा माणूस आला, मागची पाटी खोलली, टॉर्च मारला, मोबाईलवर एक फोटो काढला आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय. आत झुरळ आहे. कीटकांचं नुकसान वॉरंटीत बसत नाही." सगळं मिळून सात मिनिटं. वीज मोजायचा मीटर पिशवीतून बाहेर आलाच नाही. जाताना त्याने ओटीपी मागितला, मी दिला. संध्याकाळी मेसेज: आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.

नवा बोर्ड, म्हणजे यंत्र चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, घ्यायचा तर यंत्राच्या जवळजवळ एक तृतीयांश किंमत.

झुरळ नव्हतंच, असं मी म्हणत नाही. होतं, मीही पाहिलं, वाळून कुरकुरीत झालेलं. पण कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढ्यावर कावळ्याला दंड कसा लावता? ते झुरळ बोर्ड जाण्याआधी मेलं, नंतर मेलं, की बोर्डाशी त्याचा काही संबंधच नव्हता, हे टॉर्चच्या उजेडात कसं कळलं? माझं मत असं की वस्तू मुदतीत बंद पडली एवढं मी दाखवलं की माझं काम संपलं. "हे आमच्या वचनात बसत नाही" असं ज्याला म्हणायचंय, कारण सिद्ध करायची जबाबदारी त्याची. तुम्हाला काय वाटतं?

सोल्डरचा धूर:

अकरा वर्षं हेच काम केलं, आता सोडलंय, त्यामुळे कुणाची बाजू राखायची मला गरज नाही. तरी असहमत.

वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. कारखान्यातून बाहेर पडताना वस्तूत खोट राहिली असेल तर ती निस्तरून देऊ, एवढंच ते वचन. झुरळं कारखान्यातून येत नाहीत. यंत्र बंद असलं तरी प्लग चालू असेल तर बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग किंचित कोमट राहतो. अंधार आणि ऊब, त्यांना आणखी काय हवं? त्यांची घाण ओलावा धरून ठेवते, दमट दिवसांत तिच्यातून वीज पाझरते आणि एक दिवस फट्. असे बोर्ड मी इतके पाहिलेत की पाटी खोलली की वासावरून ओळखायचो.

आणि गिऱ्हाईक खोटं बोलत नाही असं कुणी सांगू नये. पाण्यात बुडालेलं यंत्र हेअर ड्रायरने वाळवून "आपोआप बंद पडलं हो" म्हणणारे पाहिलेत. बाहेरच्या मिस्त्रीकडून बोर्डावर जंपर (वायरचा जोडतुकडा) मारून घ्यायचा, तो फसला की कंपनीला फोन करायचा, हेही पाहिलंय. सरसकट सगळं वॉरंटीत घ्यायचं म्हटलं तर तो भुर्दंड पुढच्या यंत्राच्या किमतीत चढणार, म्हणजे तुमच्याच खिशातून.

सात मिनिटांचं विचाराल तर एकेका दिवसाला दहा-बारा कॉल असतात. माणूस काय करणार?

खडूस काकू:

म्हणजे घाई कंपनीची आणि दंड गिऱ्हाइकाला. झकास.

सोल्डरचा धूर:

काकू, घाई कंपनीची हे मान्य. पण घाईत काढलेला निष्कर्ष चुकीचाच असतो असं नाही.

ओलीसुकी:

बरोबरच असतो असंही नाही ना. मी तेच म्हणतेय. तुम्ही वासावरून ओळखत असाल, तुमच्या अकरा वर्षांना नमस्कार. पण त्या वासाच्या जोरावर एखाद्याचं दोन वर्षांचं लेखी वचन मोडता येतं का? आणि खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचा हिशोब माझ्या नावावर का?

अर्धवट वकील:

(पदवी पूर्ण, वकिली अर्ध्यात सोडली, म्हणून हे नाव.)

वॉरंटी कार्डात दोन जातीची कलमं असतात. एक देतं, दुसरं दिलेलं काढून घेतं. देणारं कलम आपल्याला लागू आहे हे ग्राहकाने दाखवायचं: बिल, तारीख, बिघाड. काढून घेणारं कलम लागू आहे हे ज्याला त्याचा फायदा हवा त्याने दाखवायचं. विम्याच्या दाव्यांत हे तत्त्व जुनं आणि पक्कं आहे. धूरसाहेब म्हणतात वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. कबूल, पण अपवाद सांगणाऱ्याने तो सिद्ध करावा, ही अपेक्षा इथे का बदलावी, ते कुणी समजावून सांगितलेलं नाही. शिवाय कलम संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावतात, कारण शब्द निवडायची संधी त्यालाच होती.

म्हणून ओलीसुकी, कार्डावर नेमके शब्द काय आहेत ते सांगा. "कीटकांमुळे झालेलं नुकसान" की "कीटक आढळल्यास वॉरंटी रद्द"? पहिल्यात कार्यकारणभाव दाखवावा लागतो. दुसऱ्यात झुरळाचा फोटो पुरतो.

आता कायदा. कार्डाच्या पलीकडे विक्रीच्या कायद्याने मिळणारे हक्क वेगळे असतात, आणि ते बहुधा विक्रेत्याविरुद्ध वापरायचे असतात. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार विक्रेत्याची जबाबदारी किमान दोन वर्षं, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळापासून होता असंच धरलं जातं. तसं नसेल तर ते विक्रेत्याने सिद्ध करायचं. ब्रिटनच्या 2015 च्या कायद्यात ही सवलत सहा महिन्यांचीच. भारताच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असं महिन्यांत मोजलेलं गृहीतक नाही, पण दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. थोडक्यात, चौदाव्या महिन्यात "सिद्ध करायचं ते कंपनीने" असं छातीठोक सगळीकडे म्हणता येणार नाही. कार्डाचे शब्द म्हणूनच महत्त्वाचे.

सोल्डरचा धूर:

आणि बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला असेल तर? यंत्रावर स्टिकर असतो, फाटला की वॉरंटी गेली. तिथे तरी वाद नाही ना?

अर्धवट वकील:

तिथे तर जास्तच आहे. अमेरिकेत 1975 पासून मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. आमचेच सुटे भाग आणि आमचीच सेवा घ्या, नाहीतर वॉरंटी बंद, अशी अट तिथे सहसा घालता येत नाही. ते भाग आणि ती सेवा कंपनी फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. अशाच अटींबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने 2018 मध्ये सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली, आणि तुमचा स्टिकरही त्यात होता. मिस्त्रीने बोर्ड जाळला असेल तर कंपनीने जरूर नाकारावं. पण नुसता स्टिकर फाटला म्हणून?

सुटलो एकदाचा:

वाचतोय आणि हसतोय. मीही असाच भांडलो होतो. तीन महिने. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, आणि मी पहिल्यापासून गोष्ट सांगतोय. तोपर्यंत घरातले कपडे कोण धूत होतं? मीच. शेवटी कंपनी म्हणाली, "सदिच्छा म्हणून" बोर्डावर अर्धी सूट. घेतली आणि सुटलो. ओलीसुकीताई, तुमचं बरोबर असेलही, पण तत्त्व कपडे धूत नाही. माझं ऐका, सूट मागा आणि मोकळ्या व्हा.

खडूस काकू:

सूट घेताना सही कशावर केलीत?

सुटलो एकदाचा:

एक कागद होता. "बिघाडाचं कारण ग्राहकाला मान्य आहे" असं काहीसं.

खडूस काकू:

मग सुटलात कसले, अडकलात. हाच बोर्ड पुन्हा गेला की तुमचाच कागद तुम्हाला दाखवतील.

सुटलो एकदाचा:

दोन वर्षं झाली, गेलेला नाही. पण काकू, आता तुम्ही माझी झोप घालवलीत.

ओलीसुकी:

कार्ड शोधलं. शब्द असे आहेत: "उंदीर, कीटक यांच्यामुळे झालेलं नुकसान". म्हणजे वकीलसाहेबांच्या पहिल्या जातीतलं. बिल मात्र थर्मल कागदावरचं, वर्षभरात पांढरं फटक पडलंय. नशिबाने विकत घेतलं त्याच दिवशी फोटो काढून ठेवला होता.

धूरसाहेब, तुम्हाला एक सरळ प्रश्न. भांडण बाजूला ठेवा. झुरळाने मेलेला बोर्ड आणि स्वतःच्या खोटीने मेलेला बोर्ड यांत फरक दिसतो का? की तुमच्या वासावरच विश्वास ठेवायचा?

सोल्डरचा धूर:

दिसतो, पण बोर्ड काढून, भिंग लावून.

ओलाव्यातून वीज पाझरली असेल तर तांब्याच्या दोन रेषांच्या मधे जळका काळा माग राहतो, आणि आजूबाजूचं तांबं हिरवट पडून खाल्ल्यासारखं दिसतं. विजेचा दाब अचानक चढला असेल तर वीज बोर्डात शिरते तिथली नाण्याएवढी चकती, व्हॅरिस्टर, फुटलेली किंवा करपलेली सापडते, शेजारचा फ्यूज उडालेला असतो. कारखान्यातली खोट असेल तर बरेचदा काही जळलेलंच नसतं. जड भागांच्या पायाभोवतीच्या सोल्डरला, म्हणजे भाग बोर्डाला जोडणाऱ्या धातूच्या डागाला, केसासारखी गोल चीर पडते, आम्ही त्याला ड्राय सोल्डर म्हणतो. धुण्याच्या यंत्रात हादरे सतत, त्यामुळे कच्चं सोल्डर तिथे लवकर उघडं पडतं. नाहीतर कपॅसिटरची टोपी फुगलेली असते. आता हे सगळं सात मिनिटांत, पाटी नुसती खोलून दिसत नाही, हे मी मान्य करतो. झालं समाधान?

पण इतक्यात आनंद मानू नका. दोन कारणं एकत्रही असतात. आणि एक सांगा, यंत्राच्या तळाला जाळी बसवली होती का? पुस्तिकेत बसवायला सांगितलेलं असतं आणि निम्मे लोक ती खोक्यातच ठेवतात. तुमची जाळीही बसवलेली नसेल तर वकीलसाहेबांची सगळी कलमं पाण्यात.

ओलीसुकी:

बरं झालं विचारलंत. जाळी खोक्यातच आहे, पिशवीही फोडलेली नाही. का, ते ऐका. यंत्र बसवायला आलेल्या कंपनीच्याच माणसाने चाकांचा स्टँड घ्यायला लावला, आणि स्टँडवर ठेवलं की जाळी बसत नाही, गरजही नाही, असं सांगून गेला. स्टँडची पावती त्याच सेवा केंद्राच्या नावाने आहे. तीही आहे माझ्याकडे.

दुसरं म्हणजे तुमचं वाचून टॉर्च घेऊन पुन्हा बघितलं (प्लग काढून). बोर्ड पारदर्शक, जेलीसारख्या थरात बुडवलेला आहे. थर कुठे फाटलेला दिसत नाही. मग झुरळाने नेमकं केलं काय?

अर्धवट वकील:

ती पावती जपा. कंपनीच्या माणसाने जाळी नको म्हटलं आणि आता कंपनीच जाळी नाही म्हणून बोट दाखवणार, हे कुठल्याही अधिकाऱ्यासमोर विचित्र दिसेल.

सोल्डरचा धूर:

स्टँडचं प्रकरण कंपनीच्या अंगाशी येईल, हे खरं. आमच्या वेळीही स्टँडवर कमिशन असायचं, आणि जाळीवर काहीच नाही. समजून घ्या.

थराबद्दल मात्र: थर बोर्डाला वाचवतो, वायरी जिथे खोचल्या जातात ते कनेक्टर उघडेच असतात. घाण तिथे साचते. थर अखंड आहे म्हणजे झुरळ निर्दोष, असं नाही. आणि थराखाली सोल्डर चिरलेलं असलं तर ते तुमच्या टॉर्चलाही दिसणार नाही, कंपनीच्या टॉर्चलाही नाही. म्हणून मीटर.

माझं मूळ म्हणणं तिथेच आहे. झुरळामुळे गेला असेल तर कंपनीने पैसे देऊ नयेत. फक्त तसं म्हणण्याआधी तपासावं.

खडूस काकू:

मग इतका वेळ असहमत कशाला होता?

सोल्डरचा धूर:

ताई म्हणतात सिद्ध होईपर्यंत वॉरंटी लागू. मी म्हणतो तपासणी होईपर्यंत कुणाचंच काही ठरलेलं नाही. फरक आहे, काकू.

ओलीसुकी:

आहे फरक. आणि मी माझ्याच बाजूला राहणार, कारण "काहीच ठरलेलं नाही" या काळात कपडे मला धुवावे लागतात, कंपनीला नाही. ठरायला उशीर झाला की नुकसान एकाच बाजूचं होतं, म्हणून ओझं दुसऱ्या बाजूला हवं.

काल कंपनीला ई-मेल केला. कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लेखी द्या, कोणती तपासणी करून कारण ठरवलं ते द्या, जॉबशीटची (तंत्रज्ञाने भरलेल्या कामाच्या नोंदीची) प्रत द्या. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा. सोबत कार्ड, बिल आणि स्टँडची पावती जोडली. आज फोन आला, गुरुवारी "वरिष्ठ तंत्रज्ञ" येणार. कलमाबद्दल चकार शब्द नाही. ओटीपी जॉबशीटवर कारण आणि मीटरचे आकडे लिहिल्याशिवाय देणार नाही, हे मी फोनवरच सांगून टाकलं.

सुटलो एकदाचा:

सूट देऊ केली तर?

ओलीसुकी:

घेईन कदाचित. पण त्या वाक्याखाली सही नाही.

सोल्डरचा धूर:

बोर्ड काढताना व्हिडिओ चालू ठेवा. बोर्ड "तपासायला नेतो" म्हणाला तर त्यावरचा क्रमांक लिहून पोच घ्या, नाहीतर परत येईल तो तुमचाच असेल याचा भरवसा नाही. आणि ते झुरळ फेकू नका. तोही पुरावा आहे, बहुधा माझ्या बाजूचा.

ओलीसुकी:

झुरळ त्या पहिल्या माणसानेच नेलं. फोटो काढून झाल्यावर कागदात गुंडाळून. तेव्हा मला वाटलं, किती सभ्य मुलगा, कचरा स्वतः घेऊन गेला.